लुकलुकणारा उजेड आणि मानवी दृष्टी

समईची ज्योत वाऱ्याने हलू लागली की वाचणारा माणूस तिला हाताचा आडोसा करतो, नाहीतर पुस्तक मिटून ठेवतो. स्थिर उजेडात डोळ्यांना विसावा मिळतो आणि हलत्या उजेडात शीण येतो, हे ज्ञान त्याला अनुभवाने आलेले असते. गेल्या सव्वाशे वर्षांत मात्र मनुष्याने असे दिवे आणि असे पडदे निर्माण केले की ते लुकलुकतात खरे, पण लुकलुकताना दिसत नाहीत. आजचे मोबाईल फोन आणि लॅपटॉप बहुधा याच जातीचे आहेत. हा प्रकार कसा उद्भवला, हे समजून घेतले तर ही साधने विकत घेताना काय पारखावे, हेही उमगते.

या विषयाचा शास्त्रीय विचार एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. बेल्जियममधील जोसेफ प्लातो यांनी १८३२ साली फिरत्या चकतीवरील चित्रे हलती भासविण्याचे खेळणे तयार केले. पुढे इंग्लंडचे टॅल्बट आणि प्लातो या दोघांच्या प्रयोगांतून एक नियम सिद्ध झाला. उजेड पुरेशा वेगाने चालू-बंद केला, तर डोळ्याला तो सलग दिसतो आणि त्याची प्रखरता सरासरीइतकी भासते. फेरी आणि पोर्टर यांच्या संशोधनाने त्यात आणखी भर पडली: उजेड जितका प्रखर, तितका लुकलुक लपविण्यास वेगही अधिक लागतो.

या नियमाची कसोटी चित्रपटगृहात लागली. ल्यूमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आपला पहिला जाहीर खेळ केला आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांची चित्रे दाखविली गेली. मूकपटाच्या काळात सेकंदाला सुमारे १६ चित्रे दाखवीत. दोन चित्रांच्या मध्ये पडदा काळा होई, त्यामुळे उजेड थरथरे. इंग्रजी बोलीत सिनेमाला ‘फ्लिक्स’ हे नाव त्या थरथरीवरूनच पडले. यावर तंत्रज्ञांनी तीन पात्यांची झडप बसविली. प्रत्येक चित्र तीनदा उजळू लागले आणि सोळाच चित्रांतून सेकंदाला ४८ झोत मिळाले. बोलपटात चित्रे २४ झाली, तेव्हा प्रत्येक चित्र दोनदा दाखवून तीच संख्या साधली. लुकलुक नाहीशी झाली नव्हती, ती अधिक जलद झाली होती.

बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून भारावले. त्यानंतर त्यांनी मिळतील तितके चित्रपट पाहिले, अपुऱ्या झोपेत रात्रंदिवस प्रयोग केले आणि त्यांची दृष्टीच काही काळ गेली. नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी ती परत आली, म्हणून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येऊ शकला. त्यांच्या आजाराचे खापर एकट्या पडद्यावर फोडणे योग्य होणार नाही. तथापि डोळ्यांच्या सहनशीलतेला सीमा असते, हे त्यातून दिसते.

पुढे हाच प्रश्न घराघरांत शिरला. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणून दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. जुन्या बल्बची तार तापलेलीच राहत असल्याने हा फरक थोडा असे. साध्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये तो मोठा होता. इंग्लंडमध्ये विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कचेरीतील ट्यूबना अतिजलद इलेक्ट्रॉनिक चोक जोडले. तेव्हा कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. जी लुकलुक दिसत नव्हती, तीही बाधत होती.

डोळ्यांना दिसणारी लुकलुक तर याहून घातक ठरू शकते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ मालिकेत लाल-निळे झोत सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकले आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुले होती.

जुन्या दूरचित्रवाणीच्या काचनळीची जागा सपाट पडद्यांनी घेतली, तेव्हा हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. परंतु पडद्याचा उजेड मंद करण्याची एक सोपी युक्ती उत्पादकांना सापडली. दिवा खरोखर मंद न करता तो अतिशय जलद चालू-बंद करायचा आणि बंद राहण्याचा काळ वाढवायचा. टॅल्बट-प्लातो नियमाप्रमाणे डोळ्याला तो मंद दिसतो. ओएलईडी पडद्याच्या कित्येक फोनांत हा वेग सेकंदाला सुमारे २४० असतो, तर काही फोनांत तो ३००० हून अधिक असतो. एलसीडी पडद्याच्या लॅपटॉपांपैकी काहींत ही युक्ती वापरतात, काहींत वापरत नाहीत. २०१५ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने दिव्यांसाठी केलेल्या शिफारशीनुसार लुकलुक ३००० च्या पलीकडे गेल्यास तिची चिंता उरत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, विशिष्ट चित्र असेल तर माणसांना ५०० च्या वेगाचीही लुकलुक जाणवते, असे आढळले.

म्हणून ग्राहकाने ‘१२० हर्ट्झ’ या जाहिरातीवर विसंबू नये. तो आकडा चित्र किती वेळा बदलते हे सांगतो, दिवा किती वेळा विझतो हे सांगत नाही. दुकानात पडद्याची प्रखरता अगदी कमी करून त्यापुढे पेन्सिल झपाझप हलवावी. तिच्या सुट्यासुट्या आकृती दिसल्या, तर लुकलुक आहे असे समजावे. दुसऱ्या फोनच्या मंदगती चित्रणातही काळे पट्टे दिसून येतात. सेटिंगमध्ये ‘डीसी डिमिंग’ची सोय आहे का, तेही पाहावे. रात्री खोलीत दिवा ठेवून पडदा मध्यम प्रखर ठेवणे हिताचे. अर्थात पापण्या कमी लवणे, अक्षर बारीक असणे, चष्म्याचा नंबर बदलणे हीही शीण येण्याची कारणे असतात, तेव्हा नेत्रतपासणी टाळू नये.

हा त्रास सर्वांना सारखा होत नाही. एकाच घरात एकाला तासन् तास वाचता येते आणि दुसऱ्याचे डोके अर्ध्या तासात ठणकू लागते. अशा वेळी दुखणाऱ्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून गप्प बसविण्याची चाल आहे. एखादी मुलगी पडद्यापुढे अभ्यास करताना डोके दुखते म्हणाली, तर तिला आळशी ठरविण्यापूर्वी पडदा तपासावा. डोळ्याला जे दिसत नाही, त्याचा भारही डोळ्याला वाहावा लागतो.