मुंबईची गोळी

1986 साली मद्रासमध्ये वेश्याव्यवसायातल्या काही स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि ‘एड्स हा परदेशातला रोग’ ही समजूत कोसळली. या शोधामागे होत्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या.

निदान झालं, पण उपाय नव्हता.

1996च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबतो, हे सिद्ध झालं. मात्र त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता! वाट निघाली ती आपल्या 1970च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे. दुसऱ्या पद्धतीनं तेच औषध बनवायला आडकाठी नव्हती. फेब्रुवारी 2001मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे युसुफ हमीद यांनी ही औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. तिन्ही औषधं एकाच गोळीत, सकाळी एक, संध्याकाळी एक. आफ्रिकेतल्या असंख्य घरांत या स्वस्त भारतीय गोळ्यांनी माणसं वाचवली.

आणि इथे? सरकारी मोफत उपचार सुरू झाले 1 एप्रिल 2004 रोजी. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जेजे रुग्णालय होतं. गोळी मुंबईची, पण मुंबईच्याच गरीब रुग्णाला ती फुकट मिळायला तीन वर्षं लागली. ही दिरंगाई अक्षम्य होती.

गोळीनं मरण टळलं, तरी रोजचं जगणं सोपं झालं नाही. तिच्यातल्या स्टॅव्हुडीन या औषधानं काहींचे गाल खपाटीला जात, पायांची आग होई. औषध कधीच बंद करायचं नाही. डोस चुकत राहिले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून एआरटी सेंटरवर, म्हणजे ही औषधं देणाऱ्या केंद्रावर, समुपदेशक बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजून बघतात. घरी कळू नये म्हणून बाटलीवरचं लेबल खरवडून काढणारेही कमी नव्हते.

पुढे स्टॅव्हुडीन गेलं. सुरुवातीला रक्तातल्या रोगप्रतिकारक सीडी-फोर पेशी 200च्या खाली आल्यावरच सहसा गोळ्या मिळत. 2017पासून निदान होताच त्या सुरू होतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

शंका असेल तर तपासणी टाळू नका. सरकारी केंद्रात ती मोफत होते. माहितीसाठी 1097 या क्रमांकावर फोन करा.