हान शिनच्या बंडाचा पुरावा

इ.स.पू. 196 मध्ये छांगआन इथल्या राजवाड्यात, मोठमोठ्या घंटा टांगलेल्या एका दालनात हान शिन या सरदाराचा शिरच्छेद झाला. सम्राट त्या वेळी राजधानीत नव्हता. हुकूम सम्राज्ञी ल्यूचा होता. पाठोपाठ त्याची तीन कुळे कापून काढण्यात आली. आरोप राजद्रोहाचा. ज्या सम्राटाविरुद्ध त्याने कट केला म्हणून सांगितले गेले, त्या लिउ बांगला सिंहासनापर्यंत नेणाऱ्या लढाया बहुतांशी यानेच जिंकल्या होत्या.

स-मा छियेन याच्या ‘शी-ची’ या इतिहासग्रंथातले हान शिनचे चरित्र मी बर्टन वॉटसन यांच्या इंग्रजी अनुवादातून प्रथम वाचले ते लढायांच्या ओढीने. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका गोष्टीपाशी अडखळलो. हान शिनने जे केले नाही, त्यालाच या इतिहासकाराने इतकी जागा का दिली आहे?

पार्श्वभूमी थोडक्यात. चीन एकत्र करणारा छिन घराण्याचा पहिला सम्राट इ.स.पू. 210 मध्ये मेला आणि चार वर्षांच्या आत ते साम्राज्य कोसळले. बंडखोरांतला सर्वांत बलाढ्य, छू प्रांतातल्या सेनानींच्या घराण्यातला शियांग यू. त्याने देशाचे अठरा राज्यांत वाटप केले. लिउ बांग हा मूळचा गावपातळीवरचा अंमलदार. त्याच्या वाट्याला डोंगरापलीकडचा हान प्रदेश आला. (सेनापतीचे आडनाव आणि हे राज्य चिनी लिपीत दोन वेगळी अक्षरे आहेत, देवनागरीत नाइलाजाने दोन्ही ‘हान’च दिसतात.) पुढची चार वर्षे या दोघांत झुंज चालली.

हान शिन ह्वाय-यिन गावचा. इतका गरीब की नदीवर कपडे धुणाऱ्या एका बाईने कित्येक दिवस त्याला जेवू घातले. बाजारातल्या एका दांडगट पोराने अडवले, तेव्हा तलवार उपसण्याऐवजी तो निमूटपणे त्याच्या दोन पायांमधून रांगत गेला. आधी तो शियांग यूकडे होता, पण तिथे भालदारापलीकडे त्याची मजल गेली नाही. लिउ बांगकडेही कंटाळून तो पळून निघाला होता. मंत्री शियाओ ह याने स्वतः पाठलाग करून त्याला परत आणले आणि सरसेनापती करायला लावले. हे नाव लक्षात ठेवावे.

इ.स.पू. 204 मध्ये चिंग-शिंग खिंडीजवळ त्याने जे केले ते आजही सैनिकी शाळांत शिकवण्यासारखे आहे. समोर चाओ राज्याची प्रचंड फौज, आणि याने आपली मुख्य तुकडी नदीला पाठ करून उभी केली. शत्रू हसला. माघारीला वाट नाही म्हटल्यावर ती माणसे जिवावर उदार होऊन लढली. दरम्यान, आदल्या रात्री डोंगरात दडवलेल्या दोन हजार घोडेस्वारांनी रिकाम्या पडलेल्या शत्रूच्या तळात शिरून तिथे हानची तांबडी निशाणे रोवली. ती पाहून चाओच्या सैन्याचा धीर सुटला.

मग आले छी राज्य. तिथल्या राजाला लिउ बांगचा वकील ली इ-ची याने बोलणी करून आधीच वळवले होते. तरीही हान शिनने चढाई केली. फसवणूक झाली असे समजून छीच्या राजाने त्या वकिलाला जिवंत उकळले. वर हान शिनने लिउ बांगला कळवले, की प्रदेश अस्थिर आहे, तेव्हा मला इथला हंगामी राजा नेमावे. वेढ्यात अडकलेला लिउ बांग शिव्या द्यायला लागला, तोच दोघा सल्लागारांनी त्याचा पाय दाबला. त्यानेही लगेच सूर फिरवला: हंगामी कशाला, पुरताच राजा हो म्हणावे! तेव्हा हान शिन निव्वळ भाबडा एकनिष्ठ होता, असे मी म्हणणार नाही. लिउ बांगच्या मनातली भीती हवेतून आलेली नव्हती.

आता चरित्रातला तो प्रसंग. साल इ.स.पू. 203. शियांग यूचा दूत हान शिनकडे येऊन गेला. याने त्याला नकार दिला. मग खुआय थोंग नावाचा मुत्सद्दी आला, चेहरा पाहून भविष्य सांगतो म्हणाला. तुमच्या तोंडावरून फार तर सरदारकी दिसते, पण पाठीवरून दिसते ते बोलून सोय नाही. चिनीत ‘पाठ’ या शब्दाला पाठ फिरवणे, उलटणे असाही अर्थ आहे. दोघांपैकी कुणाचाही विजय तुमच्या हाती आहे, असे तो सांगतो. कुणालाच जिंकू देऊ नका. तिपायी भांड्यासारखे तिघे उभे राहा. धन्यावर ज्याच्या पराक्रमाची छाया पडते त्याला धनी जगू देत नाही. हे बोलणे पानंच्या पानं चालते. हान शिनचे उत्तर त्यामानाने छोटे आहे: या राजाने मला आपल्या रथात बसवले, आपले कपडे आणि आपल्या ताटातले दिले. काही दिवसांनी खुआय थोंग पुन्हा आला. याने पुन्हा नाही म्हटले. एवढ्या कामगिरीनंतर छी राज्य आपल्याकडून काढून घेतले जाणार नाही, हा हिशोबही त्यात होता. खुआय थोंगने वेड पांघरले.

हिशोब चुकला. इ.स.पू. 202 मध्ये शियांग यू संपला आणि लिउ बांगने लगोलग हान शिनची फौज ताब्यात घेतली, छी काढून त्याला छूचा राजा केले. पुढच्याच वर्षी दौऱ्याच्या बहाण्याने त्याला पकडले आणि नुसता सरदार करून राजधानीत नजरेखाली ठेवले. पुढे छन शी या सेनानीने उत्तरेत बंड केले. लिउ बांग त्याच्यावर चालून गेला, तेव्हा हान शिनने आजाराचे निमित्त सांगितले. बंड मोडल्याची खोटी बातमी देऊन, अभिनंदनाला तरी या, असे म्हणत त्याला राजवाड्यात आणणारा माणूस शियाओ हच होता.

आरोपाचा पुरावा काय? छन शी उत्तरेला निघण्यापूर्वी हान शिनने नोकरांना दूर पाठवले, त्याचा हात धरून अंगणात फेऱ्या मारल्या आणि कट सांगितला. बखरी वाचायची सवय असलेल्या मराठी वाचकाच्या मनात इथे पहिला प्रश्न येतो: दोघेच होते, तर ऐकले कोणी? फिर्याद पोचवली ती हान शिनच्या पदरच्या एका माणसाच्या भावाने. त्या माणसाला हान शिनने कैद केले होते आणि तो त्याला मारणार होता. ‘शी-ची’तल्याच जहागिरींच्या तक्त्यात या फिर्यादीबद्दल दिलेल्या सरदारकीची नोंद आहे: दोन हजार घरे.

स-मा छियेन यावर भाष्य करत नाही, आणि त्याला ते परवडण्यासारखेही नव्हते. इ.स.पू. 99 मध्ये शरण गेलेल्या ली लिंग या सेनानीची बाजू घेतली म्हणून लिउ बांगच्या पणतवाने, सम्राट वूने, त्याला पुढे खच्चीकरणाची शिक्षा दिली होती. चरित्राच्या शेवटी तो हान शिनला दोषच देतो: जग स्थिरस्थावर झाल्यावर द्रोहाचा बेत केला, तेव्हा कुळ बुडाले ते योग्यच. पण ‘स्थिरस्थावर झाल्यावर’ हे शब्द वाचून मागची पाने उलटावीत. ज्याने जग हातात असताना नकार दिला, तो फौज गेल्यावर कैद्यांना सोडून त्यांच्या बळावर बंड करायला निघाला? माझ्या मते ते लांबलचक भाषण म्हणजे बचावाची साक्ष आहे, आरोपीच्या चरित्रातच ठेवून दिलेली.

नंतर पहिल्या शतकात पान कू याने हान घराण्याचा इतिहास लिहिला, तेव्हा खुआय थोंगचे भाषण हान शिनच्या चरित्रातून उचलून खुआय थोंगच्या वेगळ्या चरित्रात नेले. तपशील हरवला नाही. साक्ष मात्र आरोपीपासून दूर गेली.

माझ्या या वाचनाला एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. इ.स.पू. 203 चा माणूस आणि सहा वर्षे अपमान गिळलेला माणूस एकच असेल असे नाही. मरताना, खुआय थोंगचे ऐकले नाही याचा पश्चात्ताप त्याने बोलून दाखवला, असे चरित्रातच आहे.

ते कळल्यावर लिउ बांगने खुआय थोंगला पकडून आणवले आणि उकळण्याचा हुकूम दिला. बंडाचा सल्ला दिल्याचे त्याने नाकारले नाही. कुत्रा आपल्या धन्याखेरीज सगळ्यांवर भुंकतो, समोर संत असला तरी. मी त्या वेळी फक्त हान शिनला ओळखत होतो, असे तो म्हणाला. लिउ बांगने त्याला सोडून दिले.