बोलीचा सूर, लेखणीचे वजन
'असे केले' हे मराठी लेखनातील रूप, तर 'असं केलं' हे बोलण्यातील. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी (१९६२ मधील १४ आणि १९७२ मधील ४) दुसऱ्या रूपाला पात्रांच्या तोंडच्या भाषेपुरतीच मुभा दिली. संगणकावरील गप्पांत मात्र प्रत्येक लेखक हाच बोलणारा असल्याने तेथे 'असं' सर्रास रुळले. 'होऽऽ' असे लांबवलेले अक्षर सूर सुचवते, चिन्हे चेहरा दाखवतात. विनोद गांभीर्याने घेतला जाऊ नये, यासाठी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या स्कॉट फालमन यांनी १९८२ मध्ये विरामचिन्हांचा हसरा चेहरा सुचवला होता. तथापि, बोललेले विरते आणि लिहिलेले उरते. त्यामुळे रागाच्या भरात टंकलेल्या शब्दालाही पुढे पुराव्याचे वजन येते.