तीनचाकी बाबागाडी : निवड, देखभाल आणि जबाबदारीचा इतिहास

प्रस्तावना

राजवटी, लढाया आणि चळवळी यांच्या तुलनेत बालसंगोपनाच्या साधनांकडे इतिहासलेखनाचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः पाळणा, झोळी, पांगुळगाडा, बाबागाडी यांसारख्या वस्तूंतून कुटुंबाची आर्थिक स्थिती, श्रमविभागणी, रस्त्यांची अवस्था आणि समाजाची बालकाविषयीची दृष्टी यांचे दर्शन घडते. यांपैकी बाबागाडी, आणि त्यातही तीन चाकांची बाबागाडी, प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बाबागाडीची निवड कशी करावी व ती कशी सांभाळावी, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा वाटतो. परंतु दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासाच्या संदर्भात पाहिल्यास त्यामागे एक गंभीर प्रश्न उभा असल्याचे लक्षात येते. बालकाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? गाडी घडवणाऱ्याची, ती ढकलणाऱ्याची, की ज्या रस्त्यावरून ती जाते तो रस्ता बांधणाऱ्याची? या प्रश्नाचा मागोवा येथे ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने घेतला आहे.

शब्द आणि वस्तू : पांगुळगाडा व बाबागाडी

मराठी भाषेत बालकाच्या चाकांच्या साधनांसाठी दोन स्वतंत्र शब्द रूढ आहेत. ‘पांगुळगाडा’ हा जुना घरगुती शब्द. त्रिकोणी बैठक, पुढे एक व मागे दोन लाकडी चाके आणि उभा दांडा असे त्याचे सर्वपरिचित रूप. गावातील सुतार तो घडवून देई आणि मूल दांड्याला धरून स्वतःच तो ढकलत चालायला शिके. ‘बाबागाडी’ या शब्दाची छटा वेगळी आहे. ब्रिटिश अमदानीत साहेबाच्या मुलाला नोकरवर्ग ‘बाबा’ म्हणत असे. त्या बाबाला बसवून आयेने ढकलायची ती बाबागाडी.

या दोन वस्तूंतील फरक मूलभूत आहे. पांगुळगाड्यात बालक कर्ता आहे, बाबागाडीत ते प्रवासी आहे. सर्वसामान्य मराठी कुटुंबात मूल कडेवर घेतले जाई, शेतात वा कामाच्या जागी झोळीत निजवले जाई. त्यामुळे बाबागाडी दीर्घकाळ साहेबी व नंतर सुखवस्तू घरांपुरतीच राहिली. मात्र दोन्ही परंपरांत तीन चाकांची रचना आढळते, ही बाब लक्षणीय आहे. तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. चार पायांचे स्टूल डुगडुगते, तिवई डुगडुगत नाही, हा त्याच तत्त्वाचा रोजचा अनुभव होय.

आरंभ : शोभेपासून उपयोगाकडे

बालकांच्या गाडीचा इतिहास सांगताना इंग्लंडमधील वास्तुरचनाकार विल्यम केंट याचा उल्लेख प्रथम येतो. डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी त्याने १७३३ च्या सुमारास शिंपल्याच्या आकाराची एक गाडी तयार केली. ती माणसाने ढकलायची नव्हती, लहान जनावराने ओढायची होती. तिचे प्रयोजन उपयोगापेक्षा वैभवाचे होते.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र बदलले. अमेरिकेत बेंजामिन पॉटर क्रँडल याने मुलांच्या गाड्या विक्रीसाठी तयार केल्या. त्याचा पुत्र जेसी क्रँडल याने गाडीला ब्रेक बसवणे, ती घडीची करणे अशा सुधारणांची पेटंटे घेतली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बर्टन याने १८५३ मध्ये ‘पेरँब्युलेटर’चे पेटंट घेतले. ही गाडी ओढायची नसून मागून ढकलायची होती. मूल पुढे तोंड करून बसे आणि दाई मागे राही. या आरंभीच्या पेरँब्युलेटर प्रामुख्याने तीन चाकांच्याच होत्या.

तीन चाकांचे कारण म्हणून एक कथा वारंवार सांगितली जाते. इंग्लंडच्या कायद्याने चारचाकी वाहनांना पादपथावर बंदी होती, म्हणून कारागिरांनी एक चाक कमी केले, असे तिचे स्वरूप आहे. हे स्पष्टीकरण तपासून घेणे आवश्यक आहे. १८३५ च्या हायवे अ‍ॅक्टच्या कलम ७२ नुसार पादपथावर कोणत्याही प्रकारचे वाहन नेण्यास मनाई होती, परंतु त्या कलमात चाकांची संख्या दिलेली नाही. त्यामुळे केवळ कायद्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. पुढचे एकच चाक असल्यास गाडी वळवणे सोपे होते, वजन व खर्च कमी होतो आणि खडबडीत फरसबंदीवर तिन्ही चाके टेकलेली राहतात. ही तांत्रिक कारणे अधिक पटणारी आहेत.

या रचनेची मर्यादा मात्र स्पष्ट होती. बसू शकणाऱ्या मुलालाच ती उपयोगी होती, तान्ह्या बाळाला आडवे निजवण्याची सोय तीत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाळण्यासारखी लांबट गाडी प्रचारात आली आणि तिच्यासोबत चार चाके रूढ झाली. १८७७ मध्ये विल्यम विल्सन याने लीड्स परिसरात सुरू केलेल्या ‘सिल्व्हर क्रॉस’च्या गाड्या पुढे प्रतिष्ठेचे लक्षण ठरल्या. १८८९ मध्ये बाल्टिमोर येथील कृष्णवर्णीय संशोधक विल्यम रिचर्डसन याने पाळणा उलटसुलट फिरवता येईल अशा गाडीचे पेटंट घेतले. त्यामुळे बालकाचे तोंड ढकलणाऱ्याकडेही करता येऊ लागले. अशा रीतीने तिसरे चाक शतकभरासाठी मागे पडले.

हवेचा टायर, हलका धातू आणि तिसऱ्या चाकाचे पुनरागमन

आधुनिक तीनचाकी बाबागाडीचे एक महत्त्वाचे अंग म्हणजे हवा भरलेला टायर. त्याचे पहिले पेटंट १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन याने घेतले होते, पण ते विस्मृतीत गेले. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी असा टायर पुन्हा तयार केला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. म्हणजेच व्यवहारात यशस्वी ठरलेला हवेचा टायर मूलतः एका मुलाच्या तीनचाकीसाठी जन्मला.

दुसरे अंग म्हणजे वजन. दाईच्या हातातील अवजड गाडी जिने, बस व मोटार यांच्या युगात गैरसोयीची झाली. विमानांच्या बांधणीचा अनुभव असलेल्या ओवेन मॅक्लॅरेन या इंग्रज अभियंत्याने १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी अ‍ॅल्युमिनिअमची गाडी योजली. तिचे वजन अवघे सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास होते. घरात नोकर नसलेल्या पालकाला एका हाताने मूल व दुसऱ्या हाताने गाडी उचलता येऊ लागली.

तिसरा टप्पा अमेरिकेत घडला. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथील वृत्तपत्रव्यवसायातील फिल बॅचलर याला आपल्या लहान मुलाला सोबत घेऊन धावायचे होते. नेहमीच्या गाडीची लहान चाके खडबडीत वाटेवर अडत. त्याने गाडीला सायकलची चाके बसवली आणि त्या प्रयोगातून १९८४ मध्ये ‘बेबी जॉगर’ ही तीनचाकी गाडी बाजारात आणली. मोठे चाक लहान चाकापेक्षा अडथळ्यावरून सहज चढते आणि हवेचा टायर धक्का शोषून घेतो. दोन वेगवेगळ्या काळांतील शोध येथे एकत्र आले. पुढे धावण्यासाठी नव्हे तर रोजच्या वापरासाठीही तीनचाकी गाड्या तयार होऊ लागल्या व त्यांचे पुढचे चाक चौफेर फिरणारे झाले.

सुरक्षितता : दोन प्रकरणे

नोकराच्या हातातील गाडी पालकाच्या हाती आली, तशी देखभालीची जबाबदारीही पालकावर आली. घडीची बिजागरी आणि काढता येणारे चाक या दोन्ही सोयी पालकासाठी होत्या. त्याच सोयींतून धोके निर्माण झाले.

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन कंपनीच्या सुमारे १० लाख घडीच्या गाड्यांबाबत परत मागवणीची घोषणा झाली. गाडी उघडताना बिजागरीत बोट सापडून बालकांच्या बोटांची टोके तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. उपाय म्हणून बिजागरीवर बसवायची आच्छादने ग्राहकांना देण्यात आली.

दुसरे प्रकरण थेट तीनचाकी गाडीचे आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ च्या फेब्रुवारीत ब्रिटॅक्स कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. ‘बॉब’ या नावाने विकल्या गेलेल्या सुमारे ४ लाख ९३ हजार गाड्यांचे पुढचे चाक, झटपट उघडणारी तरफ नीट न आवळल्यास चालू गाडीतून निखळू शकते, असा आयोगाचा आरोप होता. सुमारे २०० तक्रारी आणि बालके व प्रौढ मिळून किमान ९७ जणांना झालेल्या दुखापती यांचा आधार आयोगाने दिला होता. रचनेत दोष नाही, तरफ योग्य रीतीने आवळल्यास चाक सुरक्षित राहते, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये समझोता झाला. ग्राहकांना माहिती देण्याची मोहीम राबवणे व बदली सुटे भाग देणे कंपनीने मान्य केले.

या वादाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. एका पक्षाच्या मते प्रश्न देखभालीचा होता, तर दुसऱ्याच्या मते रचनेचा. चारचाकी गाडीचे एक चाक सैल झाले तरी उरलेली तीन चाके काही प्रमाणात आधार देतात. तीनचाकी गाडीचे पुढचे चाक निखळल्यास आधाराचा त्रिकोणच संपतो आणि गाडी तोंडावर आपटते. म्हणून तीनचाकीत एका चाकाची हेळसांड ही संपूर्ण गाडीची हेळसांड ठरते. अमेरिकेत बाबागाड्यांसाठी बंधनकारक मानक २०१४ मध्ये जारी झाले, तर युरोपात ईएन १८८८ हे मानक वापरले जाते. परंतु मानक गाडी विकली जाईपर्यंतची हमी देते. त्यानंतरच्या वापराची हमी ते देऊ शकत नाही.

निवड आणि देखभालीची तत्त्वे

उपरोक्त इतिहासातून निवडीची काही तत्त्वे निघतात. पहिले तत्त्व बालकाच्या वयाचे आहे. मान न धरणाऱ्या तान्ह्या बाळाला बसती तीनचाकी योग्य नाही. त्याला पूर्ण आडवे निजवता येणारी बैठक हवी. बालकासह धावण्याचा विचार साधारणतः सहा महिन्यांपूर्वी करू नये व त्यानंतरही वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुसरे तत्त्व पुढच्या चाकाचे आहे. बाजारात व गर्दीत फिरते चाक सोयीचे, परंतु वेगात ते थरथरते व आडवे होऊ शकते. म्हणून धावताना व खडीच्या वाटेवर ते सरळ स्थितीत पक्के करता येणे आवश्यक ठरते. तिसरे तत्त्व तोलाचे आहे. रिक्षा भरधाव वळवली की ती कलते, हे सर्वांना परिचित आहे. तीनचाकी बाबागाडीलाही तोच नियम लागू पडतो. मागील चाकांत पुरेसे अंतर आणि बैठक खाली असलेली गाडी अधिक स्थिर राहते. खांद्याचे, कमरेचे व पायांमधील असे पाच टोकांचे पट्टे, मागील चाकांचा ब्रेक आणि मनगटात अडकवायचा पट्टा यांची खातरजमा खरेदीपूर्वीच करावी.

देखभालीत प्रत्येक वापरापूर्वी पुढचे चाक उचलून व हलवून पाहणे हा पहिला नियम होय. टायरवर छापलेल्या मर्यादेनुसार हवा भरावी. मागील दोन चाकांत हवा कमीजास्त असल्यास गाडी एका बाजूला ओढते. पंक्चर काढणे, आरे ताणणे ही कामे जवळचा सायकल दुरुस्ती करणारा कारागीरही करू शकतो. चिखल व वाळू पुसून काढावी, कोकणातील खाऱ्या हवेत आसावर व नटांवर गंज तपासावा. घडी घालताना वा उघडताना बालक दूर असावे आणि घडीची कडी बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मूल बसवू नये. मुठीला बाजाराच्या पिशव्या अडकवल्यास मूल उतरताक्षणी गाडी मागे उलटू शकते. जुनी गाडी नातलगांकडून घेताना परत मागवणीची माहिती व सुट्या भागांची उपलब्धता तपासणे अगत्याचे आहे.

रस्ता : दुर्लक्षित तिसरा घटक

गाडी उत्तम व पालक दक्ष असूनही पादपथ नसेल तर दोहोंचा उपयोग मर्यादित राहतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पादपथाची चालण्यायोग्य रुंदी किमान १.८ मीटर असावी. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. तथापि उंच कडा, मध्येच उभे खांब, उभी केलेली वाहने आणि उघडी चेंबरे यांमुळे अनेक ठिकाणी पालकाला बाबागाडी वाहतुकीच्या रस्त्यावर उतरवावी लागते. खडबडीत वाटेसाठी मोठ्या चाकांची तीनचाकी घेणे हा या परिस्थितीवरील वैयक्तिक व खर्चिक उपाय आहे. जो पादपथ बाबागाडीला चालतो, तोच चाकांच्या खुर्चीला व वृद्धाच्या काठीलाही चालतो. म्हणून हा प्रश्न केवळ सुखवस्तू पालकांचा मानता येत नाही.

निष्कर्ष

१. बाबागाडीच्या चाकांची संख्या बालकाच्या गरजेपेक्षा ढकलणारा कोण व रस्ता कसा यावर अधिक ठरत आली आहे.

२. तिसऱ्या चाकाचे श्रेय केवळ कायद्याला देणारे प्रचलित स्पष्टीकरण १८३५ च्या कायद्याच्या शब्दांतून सिद्ध होत नाही.

३. दाईकडून पालकाकडे गाडी येताना देखभालीचे श्रम हस्तांतरित झाले, परंतु त्यासाठीचे ज्ञान त्याच प्रमाणात पोहोचले नाही. २००९ व २०१८ ची प्रकरणे याची साक्ष देतात.

४. पालकाची दक्षता आवश्यक असली तरी ती सदोष रचनेला पर्याय ठरू शकत नाही. माणूस थकतो, घाईत असतो, विसरतो, हे गृहीत धरूनच बालकाचे साधन घडवले गेले पाहिजे.

५. निर्माता, पालक आणि नगरपालिका ही या जबाबदारीची तीन चाके आहेत. यांपैकी एक सैल असल्यास इजा होते ती गाडीत बसलेल्या बालकाला, ज्याला यांपैकी एकही निवडता येत नाही.