गेंड्याचे चार आणे

२०११ चा जून महिना. पलटण तेव्हा बिन्नागुडीला होती. ज्यांनी तिकडे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, उत्तर बंगालात डुआर्सच्या पट्ट्यात, भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याशी ही छावणी आहे. चारी बाजूंना चहाचे मळे आणि जूनमधला पाऊस असा की सोमवारी वाळत घातलेली वर्दी गुरुवारीही ओलीच. माझ्याकडे इतर कामांबरोबर पलटणीच्या मंदिराचा हिशेब होता. एका सकाळी सुभेदार मेजर साहेबांनी बोलावून विचारलं, "दानपेटीत चिल्लर किती आहे? मोजून घ्या. महिनाअखेरीला ती भंगारात जाणार."

अधिसूचना आदल्या डिसेंबरातच निघाली होती. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद. ज्यांना बदलून हवीत त्यांनी २९ तारखेला बँकेचं काम संपायच्या आत जायचं, तेही लहान नाण्यांचा डेपो असलेल्या शाखेत. पेपरात वाचलं होतं, पण आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिलं होतं.

मंदिराच्या ओसरीवर काळं कांबळं अंथरून पेटी उलटी केली. सोबत एक नवा शिपाई होता, भरतीला दोन वर्षंही झाली नव्हती. ढिगातून त्याने सहा कोनांचं एक हलकं नाणं उचललं आणि म्हणाला, "उस्ताद, हे कुठल्या देशाचं?"

तीन पैसे होते ते. १९६४ साली आलेलं ॲल्युमिनियमचं नाणं. १, २ आणि ३ पैशांची नाणी पाडणं परवडेना म्हणून सत्तरच्या दशकात हळूहळू थांबवत नेलं. म्हणजे ज्या नाण्यांवर सरकार आता बंदी घालत होतं, त्यातली काही बाजाराने कधीच पुरून टाकली होती. कायद्याने मात्र एक पैसा २९ जून २०११ पर्यंत खरा होता. मला याचं फार नवल वाटलं. एखादा जवान वीस वर्षांपूर्वी घरी गेलाय आणि हजेरीपटावर त्याचं नाव अजून चालूच आहे, तसा प्रकार.

पाऊस थांबेना, मोजणी संपेना. मग त्या पोराला सगळा इतिहासच सांगत बसलो. माझ्या आजोबांच्या वेळी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाला १९२ पै. 'पै पै जमवली' म्हणतो आपण, ती पै खरंच पाडली जायची. दुसऱ्या महायुद्धात तांबं लढाईकडे वळलं आणि १९४२ नंतर पैचं नाणं पडलं नाही. १९४३ पासून पैशालाही मधोमध भोक पडलं, कारण तेवढंच तांबं वाचत होतं. असा भोकाचा पैसा आमच्या गावात मोटेच्या चाकाला वॉशर म्हणून ठोकलेला मी पाहिलाय. चवली, पावली, अधेली हे शब्द आमच्या घरात मी कॉलेजात जाईपर्यंत चालू होते. दोन आणे, चार आणे, आठ आणे.

मग १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. तिचा कायदा १९५५ चा, आणि तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरही तेच. कोलकात्याच्या अलीपूर टांकसाळीचं उद्घाटनही १९५२ मध्ये त्यांच्याच हातून झालेलं. पण नवी नाणी लोकांच्या हातात पडली तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्येच राजीनामा देऊन मोकळे झाले होते.

रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले (हा 'नवा' १९६४ मध्ये गळला). हिशेब सोपा झाला म्हणतात, पण सुरुवातीला तसं नव्हतं. सोळाने शंभराला भागा, आणा येतो सव्वासहा पैशांचा. सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्त्यात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५ असं ठरलं. आता बघा, जुना एकेक आणा चार वेळा वेगवेगळा मोडला तर हातात आले २४. तेच चार आणे एकदम मोडले तर २५. एकदम मोडायला ज्याच्याकडे चार आणे असतात त्याचा पैसा वाचतो. ज्याच्याकडे दिवसाला एकच आणा यायचा त्याचा गेला. लहान नाण्याचा इतिहास मी जिथे जिथे वाचला, तिथे मला हाच एक पैसा हरवलेला दिसतो.

कांबळ्यावर सगळ्यात मोठा ढीग स्टीलच्या चार आण्यांचा झाला. हे नाणं १९८८ चं, त्यावर एकशिंगी गेंडा. गंमत म्हणजे छावणीच्या एका अंगाला गोरुमाराचं जंगल, दुसऱ्या अंगाला जलदापाड्याचं, दोन्हीकडे खरे गेंडे. पोराला सालाखालची खूण ओळखायला शिकवली. टिंब असेल तर नोएडा, चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. तो इतका रमला की लंगरची शिट्टी झालेली त्याला कळली नाही.

त्या भागाने चिल्लरीचे हाल आधीच पाहिले होते. २००७ मध्ये बातम्या आल्या होत्या की आपली स्टीलची नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात जातात आणि वितळवून त्यांची दाढीची पाती होतात. नाण्यावर छापलेल्या किमतीपेक्षा त्यातल्या धातूला जास्त पैसे मिळत होते. आसामातल्या काही मळ्यांनी तर मजुरांना नाण्यांऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे दिले, ते मळ्याच्या आतच चालायचे. माझ्या वेळेला पुठ्ठा नव्हता, चॉकलेट होतं. बाजारात सुट्ट्याच्या जागी दुकानदार एक गोळी हातावर ठेवायचा. आम्ही ती खिशात टाकून निघायचो. पण आठवडी हाटात मुढी विकणाऱ्या म्हातारीला तीच गोळी देऊन पाहा, ती घेईल का?

२७ जूनला पोतं घेऊन बँकेत गेलो. रांगेत पुढे एक पुजारी, मागे एक पानवाला. कॅशियर मोजताना दोनदा चिडला, तरी त्याने मोजलं. पावती ४१७ रुपये ३० पैशांची व्हायला हवी होती. हातात ४१७ आले.

"तीस पैसे?"

"साहेब, कशात देऊ? आता माझ्याकडे सगळ्यात लहान नाणं पन्नास पैशांचं."

त्याचं चूक नव्हतं. हिशेबवहीत मी तीस पैशांची तूट लिहिली आणि साहेबांची सही घेतली.

दानपेटीत एवढे चार आणे का, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. तो केला ऑगस्टमध्ये, रजेवर घरी आल्यावर. माझं गाव माण तालुक्यात. पीक बुडालं की ते किती बुडालं हे आमच्याकडे अजून पैशांत सांगतात. पूर्वीची आणेवारी, आताची पैसेवारी, ती ५० च्या आत आली की टंचाई. त्या साली पाऊस कसा, या बोलण्यातून विषय नाण्यांवर गेला आणि मी बँकेचा किस्सा सांगितला. आई ऐकता ऐकता उठली आणि फडताळातून पावडरचा जुना डबा घेऊन आली. आत कापडाच्या सात पुरचुंड्या होत्या. प्रत्येकीत एक रुपया आणि एक पावली.

सव्वा रुपया. माझी प्रत्येक बदली झाली की तिने एक बांधली होती. गावांची नावं तिला येत नव्हती, म्हणून गाठी वेगवेगळ्या मारल्या होत्या. नोकरी संपवून मी घरी आलो की सगळे एकदम शिंगणापूरच्या महादेवाला वाहायचे.

"म्हंजी ही चार आनं खोटी झाली?" तिने विचारलं.

"खोटी नाहीत गं. बंद झाली."

"मंग सव्वा रुपया कसा करायचा आता?"

मला उत्तर सुचेना. दीड करू म्हणालो, पन्नास पैसे अजून चालतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी तिला शिंगणापूरला घेऊन गेलो. म्हटलं, असतील ती नाणी पेटीत टाकून टाकू, देव काय अधिसूचना वाचत नाही. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर ती दम खायला बसली.

"अजून किती वर्सं हाईत तुजी?"

"चार."

तिने पुरचुंड्या परत कमरेला खोचल्या. वर जाऊन नुसतं दर्शन घेतलं आणि आम्ही उतरलो.