सुरीचं म्यान

'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' ही म्हण शब्दशः खरी होती. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं, त्या काळी युरोपातून आलेल्या पात्याला इथली मूठ बसवली की फिरंग तयार होई. त्या एकाच पात्याच्या मापाने लाकडाच्या दोन पट्ट्या कोरून म्यान करत. वरून कातडं किंवा मखमल, टोकाला धातूची तैनाळ, तोंडाशी मोहनाळ.

स्वयंपाकघरात मात्र म्यानाचं काम नव्हतं. विळीचं पातं पाटावर मिटलं की झालं. पुढे ओटे आले, उभ्याने चिरणं आलं, सुरी ड्रॉवरमध्ये गेली. डोंबिवलीला आमच्या त्याच ड्रॉवरमध्ये नातवाचा हात जातो. प्लॅस्टिकचं म्यान एका साच्यातून अनेक सुऱ्यांसाठी निघतं, म्हणून ढिलं. सुरी उचलली की गळून पडतं.

मग जुनाच उपाय केला. मखमलीची पट्टी म्यानाच्या तोंडात घातली, बाहेर दुमडली आणि वरून दोरा घट्ट गुंडाळला. पॉलिप्रॉपिलीनला गोंद नीट धरत नाही, म्हणून दोरा. पट्टी पात्याच्या पाठीकडे हवी. धारेकडे घातली तर कापली जाते. सुरी कोरडी पुसूनच आत ठेवायची.

आता म्यान उलटं धरलं तरी सुरी पडत नाही. पकड सगळ्या म्यानात लागत नाही, तोंडाशी पुरते. मोहनाळीच्या कारागिरांना ते ठाऊक होतं.

तुमच्याकडे विळी अजून वापरात आहे का? जरूर कळवा.