वजनावर नियंत्रण, खर्चावर लगाम : निरोगी वजन आणि आरोग्यखर्चाचे गणित

बंगळुरू : वाढत्या वजनाकडे बहुधा दिसण्याच्या अंगाने पाहिले जाते, घरखर्चाच्या अंगाने क्वचितच. प्रत्यक्षात वजनाशी निगडित बहुतेक आजार दीर्घकाळ सोबत राहणारे असल्याने त्यांचा भार एका मोठ्या देयकापेक्षा दरमहाच्या औषधांतून आणि तपासण्यांतून कुटुंबावर पडत असतो.

कर्नाटकात ही बाब अधिक गंभीर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ आहेत. कर्नाटकात स्त्री-पुरुष दोहोंमध्येही हे प्रमाण सुमारे ३० टक्के आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह, तर १३.६ कोटी जणांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज मांडण्यात आला.

खिशावरील भार

राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम नागरिक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घट दिलासादायक असली, तरी त्या वर्षीही दर १०० रुपयांमागे सुमारे ३९ रुपये कुटुंबालाच मोजावे लागले. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी असते. बहुतेक खासगी विमा पॉलिसींचेही स्वरूप असेच आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, रक्ततपासणी आणि डॉक्टरांचे शुल्क यांचा समावेश त्यात सहसा नसतो.

प्रतिबंध किती स्वस्त?

या प्रश्नाचे भारतीय उत्तर चेन्नईतील संशोधनातून मिळते. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील ‘भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमा’त मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ जणांचा समावेश होता. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत मधुमेह झाला. रोज अर्धा तास वेगाने चालणे आणि साखर, मैदा व तेल-तूप कमी करणे असा जीवनशैलीबदल करणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले.

पुढील वर्षी या कार्यक्रमाचा खर्चही मांडण्यात आला. जीवनशैलीबदलासाठी तीन वर्षांत प्रतिव्यक्ती १०,१३६ रुपये, तर सर्वसाधारण सल्ल्याच्या गटात २,७३९ रुपये वैद्यकीय खर्च आला. एका व्यक्तीचा मधुमेह टाळण्यासाठी सुमारे सहा जणांवर हा उपाय करावा लागत असल्याने प्रत्येक टाळलेल्या रुग्णामागे ४७,३४१ रुपये लागले. त्या काळच्या किमतींतील हा खर्च तीन वर्षांचा आहे. मधुमेहाचा खर्च मात्र आयुष्यभराचा असतो आणि मूत्रपिंड, हृदय किंवा डोळ्यांवर परिणाम झाल्यास तो कित्येक पटींनी वाढतो.

विशेष म्हणजे, जीवनशैली बदलणाऱ्या गटाचे वजन फारसे घटले नव्हते. म्हणजेच मोठी घट साधली नाही तरी योग्य आहार आणि नियमित चालणे यांचा लाभ मिळतो.

उशिरा केलेले उपाय महाग

वजन बरेच वाढल्यानंतरचे पर्याय खर्चिक आहेत. टिर्झेपाटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. म्हणजे चार आठवड्यांचा खर्च १४,००० रुपये. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी विम्याचा लाभही सरसकट मिळत नाही. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार शरीर वस्तुमान निर्देशांक किमान ४०, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास किमान ३५ असावा लागतो.

आपले वजन योग्य आहे का?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनालाही पोटावर चरबी साठत असल्याने येथे २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. त्यानुसार १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ५९ किलोपेक्षा, तर १७० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे सुमारे ६६ किलोपेक्षा कमी असणे इष्ट. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

कमी खर्चाचे मार्ग

बंगळुरूत लालबाग, कब्बन पार्क आणि वस्त्यावस्त्यांतील उद्याने सकाळच्या फेरफटक्यासाठी उपलब्ध आहेत. नाचणी हे कर्नाटकाचे पारंपरिक धान्य तंतुमय व पोट भरणारे असून महाराष्ट्रालाही परिचित आहे. खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये केले होते, त्या मोहिमेसाठी नामनिर्देशित केलेल्या दहा जणांत बंगळुरूचे नंदन नीलेकणी आणि सुधा मूर्ती यांचाही समावेश होता. तेल कमी वापरल्यास किराण्याचे बिलही तेवढेच घटते. तिशीनंतर रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करून घेता येते, तर आधीच औषधे सुरू असलेल्यांना जनऔषधी केंद्रांतून ती स्वस्तात मिळू शकतात.

वजन आटोक्यात ठेवणे ही आजार न होण्याची हमी नव्हे. आनुवंशिकता, थायरॉईडसारखे विकार आणि काही औषधे यांचाही वजनावर परिणाम होतो. त्यामुळे वाढलेल्या वजनाबद्दल व्यक्तीला दोष देणे योग्य ठरत नाही. सुरू असलेली औषधेही डॉक्टरांच्या सल्ल्याविना थांबवू नयेत.